निळा चंद्र कधी ते घरच्या कॅलेंडरवरून स्वतः कसं काढायचं (आणि त्या स्ट्रॉबेरी मूनचं काय करायचं)

३० ऑगस्ट २०२३, राखीपौर्णिमेची रात्र. आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या गच्चीवर वीस-पंचवीस माणसं जमलेली, पोरांना उद्या शाळा असूनही वर आणलेलं, कारण दिवसभर ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरत होता की आज चंद्र निळा दिसणार. साडेसातच्या सुमारास ढग जरा बाजूला झाले आणि समोरच्या टॉवरच्या मागून चांगला मोठा, तांबूस-पिवळा, पुरणपोळीसारखा चंद्र वर आला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं हा तर पिवळाच आहे, निळा किती वाजता होणार?"

त्या रात्री मी सगळ्यांना जे तोंडी सांगायचा प्रयत्न केला आणि धड सांगता आलं नाही ते इथे नीट लिहितेय. यासाठी कुठलंही ॲप लागत नाही, भिंतीवरचं तिथीवालं कॅलेंडर पुरतं, आणि एकदा जमलं की पुढची दहा-वीस वर्षं कुठल्याही फॉरवर्डवर अवलंबून राहायला लागत नाही.

आधी रंगाचं मिटवून टाकू

ब्लू मून हे हिशोबाचं नाव आहे, रंगाचं नाही. आपण "जादा तास" म्हणतो तसा हा "जादा चंद्र", म्हणजे नेहमीच्या हिशोबापेक्षा जास्तीची आलेली पौर्णिमा. त्या रात्री चंद्र इतर कुठल्याही पौर्णिमेसारखाच दिसतो.

खरोखरचा निळा चंद्र मात्र लोकांनी पाहिलेला आहे, ती वेगळी भानगड. १८८३ च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियातला क्राकातोआ ज्वालामुखी फुटला, त्यानंतर जगात बऱ्याच ठिकाणी चंद्र निळसर-हिरवट दिसला. १९५० च्या सप्टेंबरमध्ये कॅनडातल्या जंगलांना मोठ्या आगी लागल्या होत्या, त्यांचा धूर अटलांटिक ओलांडून गेला आणि स्कॉटलंड-इंग्लंडात सूर्य आणि चंद्र दोन्ही निळे दिसले. कारण असं की हवेतले कण जर साधारण एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपासचे आणि जवळपास एकाच मापाचे असतील तर ते लाल प्रकाश जास्त विखरून टाकतात आणि निळा आपल्यापर्यंत पोचतो. आपल्याकडची रोजची धूळ आणि धूर यात सगळ्या मापांचे कण असतात, त्यामुळे होतं उलटंच, चंद्र लालसर दिसतो. काकूंना दिसला तो हाच. तेव्हा निळ्या रंगासाठी गच्चीवर जायचं नाही, दुसऱ्या कारणासाठी जायचं.

पायरी १: पौर्णिमेचा नेमका क्षण शोधा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि इथे आपण मराठी लोक इंग्रजी कॅलेंडरवाल्यांपेक्षा फायद्यात आहोत. पौर्णिमा ही तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १६८ अंशांवर गेला की सुरू आणि १८० अंशांवर पोचला की संपली. आणि १८० अंश म्हणजेच तर पूर्ण चंद्र, सूर्याच्या बरोब्बर समोर. म्हणजे कॅलेंडरात पौर्णिमा जितक्या वाजता संपते असं छापलेलं असतं, तोच खगोलवाल्यांचा फुल मूनचा क्षण! दोन्हीत एखाद-दुसऱ्या मिनिटाचा फरक पडला तर पडतो, बाकी काही नाही. मला हे कळायला तिशी उलटावी लागली, तोपर्यंत मी पौर्णिमेची सुरुवात आणि शेवट यांचा मध्य काढत बसायचे, का ते विचारू नका.

एक उदाहरण. ऑगस्ट २०२३ मधली दुसरी पौर्णिमा ३१ तारखेला सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी संपली. यूटीसी म्हणजे जागतिक वेळेत तो क्षण होता १ वाजून ३५ मिनिटं, त्यात आपले साडेपाच तास मिळवा, ७.०५ येतात. जुळलं.

आता यातली एक खोच, इथे भलेभले चुकतात. पंचांगाचा दिवस सूर्योदय ते सूर्योदय असतो आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. पौर्णिमा जर रात्री पाऊण वाजता संपत असेल तर ती वेळ आदल्या तारखेच्या चौकटीत छापलेली असू शकते. म्हणून चौकटीवरची तारीख आंधळेपणाने घेऊ नका, वेळ बघा. मध्यरात्रीनंतरची वेळ असेल तर इंग्रजी तारीख एकने पुढे. हे उगाच किचकट वाटेल पण निळ्या चंद्राचा सगळा खेळ महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसातच असतो, त्यामुळे इथे पाऊण तासाने महिना बदलतो, कधी कधी वर्षसुद्धा.

खरंच बदललंय. ३१ डिसेंबर २००९ ला जगभर बातम्या होत्या की वर्षाच्या शेवटच्या रात्री ब्लू मून. युरोप-अमेरिकेत बरोबर होतं, तिथे २ डिसेंबर आणि ३१ डिसेंबर अशा दोन पौर्णिमा पडल्या. पण यूटीसीप्रमाणे १९.१३ ला झालेली ती पौर्णिमा आपल्याकडे रात्री १२.४३ ला झाली, म्हणजे १ जानेवारी २०१०! मग भारताच्या घड्याळाप्रमाणे डिसेंबरात एकच पौर्णिमा उरली आणि जानेवारी २०१० मध्ये दोन झाल्या, १ ला आणि ३० ला. आपला निळा चंद्र ३० जानेवारीचा होता आणि त्या दिवशी कुणी गच्चीवर गेलं नाही, सगळे महिनाभर आधीच जाऊन आलेले.

पायरी २: महिन्याच्या नियमाने तपासा

आज बहुतेक जण जो नियम वापरतात तो सोपा आहे, एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरी ती ब्लू मून.

दोन पौर्णिमांमध्ये सरासरी २९.५३ दिवस जातात. सरासरी म्हणतेय, कारण प्रत्यक्षात हे अंतर थोडं कमी-जास्त होतं, २९ दिवस साडेसहा तासांपासून ते २९ दिवस २० तासांपर्यंत. म्हणून सगळं वर्ष तपासत बसायची गरज नाही, फक्त १ आणि २ तारखेकडे बघा. ३१ दिवसांच्या महिन्यात पहिली पौर्णिमा १ ला किंवा २ च्या दुपारपर्यंत पडली तरच दुसरीला जागा मिळते. ३० दिवसांच्या महिन्यात तर ती १ तारखेलाच आणि तीही शक्यतो सकाळीच पडायला हवी. जून २००७ मध्ये असं झालं होतं, १ जूनला सकाळी साडेसहाला पहिली आणि ३० जूनला संध्याकाळी सव्वासातला दुसरी, अगदी दारात पाय अडकवून आत घुसल्यासारखी.

फेब्रुवारीत कधीच नाही. २९ दिवसांचा फेब्रुवारी असला तरी नाही. उलट फेब्रुवारीत कधी कधी एकही पौर्णिमा नसते, २०१८ मध्ये तसंच झालं, जानेवारीत दोन, फेब्रुवारीत शून्य आणि मार्चमध्ये पुन्हा दोन. एका वर्षात दोन निळे चंद्र! आता असं परत २०३७ मध्ये.

मग पायरी अशी: कॅलेंडर घ्या, जानेवारी ते डिसेंबर फक्त पहिल्या दोन दिवसांत पौर्णिमा संपतेय का बघा, जिथे संपत असेल त्या महिन्याचं शेवटचं टोक बघा. पाच मिनिटांचं काम.

हा नियम मुळात चुकून तयार झालाय

म्हणजे गंमत बघा. अमेरिकेत मेन नावाचं राज्य आहे, तिथे शेतकऱ्यांसाठी एक पंचांगवजा वार्षिक निघायचं. त्यात ब्लू मूनचा नियम वेगळा होता (तो पुढच्या पायरीत). १९४३ मध्ये स्काय अँड टेलिस्कोप मासिकातल्या प्रश्नोत्तरांत लॉरेन्स लाफ्लूर यांनी त्या १९३७ च्या पंचांगाचा हवाला दिला. मग १९४६ च्या मार्चच्या अंकात जेम्स ह्यू प्रुएट नावाच्या हौशी खगोलप्रेमींनी त्याच मजकुरावर लिहिताना असा अर्थ लावला की वर्षात १३ पौर्णिमा आल्या तर अकरा महिन्यांत एकेक आणि एका महिन्यात दोन, तर ती दुसरी म्हणजे ब्लू मून असणार. अर्थ त्यांचा स्वतःचा होता आणि तसं त्यांनी लिहिलंही होतं. पुढे १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका रेडिओ कार्यक्रमाने तोच अर्थ घेतला, १९८६ मध्ये तो ट्रिव्हियल पर्सूट या घरगुती खेळाच्या प्रश्नांत आला, आणि जगभर झाला. मासिकाने १९९९ मध्ये जुन्या पंचांगांच्या प्रती काढून बघितल्या आणि आमच्याकडूनच चूक पसरली असं सरळ छापून कबूल केलं. तोवर त्रेपन्न वर्षं उलटली होती.

मला यात त्या माणसाचा राग येत नाही, कारण चुकीचा नियम मूळ नियमापेक्षा सोपा होता आणि सोपं तेच टिकतं.

पायरी ३: ऋतूच्या नियमाने तपासा

मूळ नियम असा. वर्षाचे चार तुकडे करा, विषुवदिन (दिवस-रात्र सारखे असतात तो) आणि अयनदिन (सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात लहान दिवस) यांच्या खुणांवर: २० किंवा २१ मार्च, २१ जून, २२ किंवा २३ सप्टेंबर, २१ किंवा २२ डिसेंबर. प्रत्येक तुकड्यात साधारण तीन पौर्णिमा येतात. एखाद्यात चार आल्या तर त्यातली तिसरी ती ब्लू मून.

तिसरी का, चौथी का नाही? हा प्रश्न मलाही पडला होता. कारण त्या पंचांगात प्रत्येक पौर्णिमेला नाव होतं आणि ती नावं ऋतूच्या टोकांना बांधलेली होती, हिवाळा संपतानाची शेवटची ती लेंटची म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाची, ख्रिसमसच्या आधीची शेवटची ती यूलच्या (यूल हे ख्रिसमसचंच जुनं नाव) आधीची. चौथीला जादा म्हटलं तर शेवटचीचं नाव हलतं आणि सणाचा मेळ बिघडतो. म्हणून जादा पाहुण्याला मधे, तिसऱ्या पाटावर बसवलं आणि पहिल्या-शेवटच्याची जागा सुरक्षित ठेवली.

२०२४ चं करून बघू, सगळ्या वेळा आपल्या. अयनदिन २१ जूनच्या पहाटे. पौर्णिमा: २२ जून, २१ जुलै, १९ ऑगस्ट, १८ सप्टेंबर. मग २२ सप्टेंबरला विषुवदिन. चार झाल्या, तिसरी १९ ऑगस्ट, म्हणजे रक्षाबंधनाचा दिवस. २०२१ मध्येही २२ ऑगस्टला असंच, तेव्हाही राखी. या पद्धतीने पुढचा २० मे २०२७ ला, बुद्धपौर्णिमेला.

शॉर्टकट हवा असेल तर फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या चारच महिन्यांत वीस तारखेच्या आसपासची पौर्णिमा तपासायची, ऋतूचा ब्लू मून दुसरीकडे कुठे पडूच शकत नाही. म्हणजे महिन्याचा निळा चंद्र नेहमी महिन्याच्या टोकाला आणि ऋतूचा नेहमी वीसच्या आगेमागे. बातमीतली तारीख बघूनच कळतं की लिहिणाऱ्याने कुठला नियम घेतलाय.

पायरी ४: अधिक महिन्याशी ताळा करा

ही पायरी इंग्रजी लेखांत मिळणार नाही आणि माझी सगळ्यात आवडती हीच आहे.

बारा चांद्रमहिन्यांचे दिवस होतात ३५४, सूर्याचं वर्ष ३६५ चं, दरवर्षी अकरा दिवसांची तूट. ही तूट साठत जाते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अख्खा महिना जादा होतो. आपल्याकडे त्याला अधिक महिना म्हणून जागा दिलीय, धोंड्याचा महिना, जावयाला तेहतीस अनारसे. त्यांच्याकडे तीच तूट निळा चंद्र म्हणून वर येते. वहीत बाकी एकच, खाती दोन. १९ वर्षांत २३५ पौर्णिमा येतात आणि महिने असतात २२८, फरक ७. आपल्याकडेही १९ वर्षांत अधिक महिने ७ च.

पण नुसती संख्या जुळते असं नाही, तारखाही जवळपास जुळतात, आणि त्याला कारण आहे. अधिक महिना म्हणजे ज्यात सूर्याची संक्रांत होत नाही, म्हणजे सूर्य एका राशीतून दुसरीत जात नाही, असा चांद्रमहिना. संक्रांती इंग्रजी महिन्याच्या साधारण १३ ते १७ तारखेला पडतात. म्हणजे अधिक महिन्याला दोन संक्रांतींच्या मधे, साधारण सोळा-सतरापासून पुढच्या पंधरापर्यंत, मावायचं असतं. मग त्याच्या मधोमधची पौर्णिमा कुठे येणार? महिन्याच्या टोकालाच! ३०, ३१, १, २ इथेच कुठेतरी. आणि निळ्या चंद्राला नेमकी तीच जागा लागते.

ताळा करा. २०१२, अधिक भाद्रपद, पौर्णिमा ३१ ऑगस्ट, तोच ब्लू मून. २०१५, अधिक आषाढ, पौर्णिमा २ जुलै, आणि ३१ जुलैला गुरुपौर्णिमा ती ब्लू मून. २०२०, अधिक आश्विनाची पौर्णिमा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि कोजागरीची महिनाअखेर, ती ब्लू मून. २०२३ मध्ये अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट, त्याची पौर्णिमा १ ऑगस्टच्या रात्री बाराला टेकून संपली आणि निज (अधिकानंतरच्या नेहमीच्या) श्रावणाची नारळी पौर्णिमा ३० ला लागून ३१ ला संपली, काकूंचा पिवळा चंद्र तो हा. २०२६, अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, पौर्णिमा ३१ मे, दुपारी सव्वादोनला, आणि १ मे ला रात्री बुद्धपौर्णिमा झालेली, म्हणून ३१ मे ब्लू मून.

नेहमी जुळतं असं नाही हेही सांगते. २०१८ मध्ये अधिक ज्येष्ठाची पौर्णिमा २९ मे ला पडली, टोकाच्या दोन दिवस अलीकडे, त्यामुळे मे मध्ये काही झालं नाही, निळे चंद्र जानेवारी-मार्चमध्ये होऊन गेले होते. आणि डिसेंबर-जानेवारीत ब्लू मून आला तर तो अधिक महिन्याशी जुळतच नाही कारण मार्गशीर्ष-पौष अधिक पडत नाहीत, त्या दिवसांत पृथ्वी सूर्याला जवळ असते आणि सूर्य एक रास चांद्रमहिन्यापेक्षा कमी वेळात ओलांडून जातो.

आणि अजून एक. वाईला आमच्या आजीकडे जुनी कॅलेंडरं खिळ्याला एकावर एक टांगलेली असायची, नवीन वर्षाचं वर. ती म्हणायची एकोणीस वर्षांनी तिथ्या परत त्याच तारखांना येतात. मी मोठी झाल्यावर करून बघितलं. २००४, अधिक श्रावण, पौर्णिमा ३१ जुलैला रात्री ११.३५ ला, तो जुलैचा ब्लू मून. त्यात १९ मिळवा, २०२३, पुन्हा अधिक श्रावण, तीच पौर्णिमा आता २ ऑगस्ट लागून एक मिनिट झाल्यावर. जुलैचा उंबरा चोवीस तासांनी ओलांडला म्हणून ब्लू मून जुलैतून ऑगस्टात गेला. २००७ आणि २०२६ लावा, दोन्हीकडे अधिक ज्येष्ठ. आजीला ब्लू मून हा शब्द माहीत नव्हता, हिशोब मात्र पाठ होता.

बाय द वे, जुन्या इंग्लंडातही अधिक महिना होता. बीड नावाच्या धर्मोपदेशकाने ७२५ साली लिहून ठेवलंय की अँग्लो-सॅक्सन लोक उन्हाळ्यात लिथा नावाचे दोन महिने धरत आणि तेरा महिन्यांच्या वर्षी तिसरा लिथा घालत. म्हणजे आपल्या अधिक आषाढासारखंच, त्यांनी ते पुढे सोडून दिलं आणि आपण धरून ठेवलं एवढंच.

पायरी ५: पौर्णिमेची नावं वाचायला शिका

आता त्या वुल्फ मून, स्ट्रॉबेरी मूनकडे. दर महिन्याला मराठी बातम्यांतही येतात आणि निम्म्या वेळा सोबत गुलाबी रंगवलेला फोटो असतो.

ही नावं उत्तर अमेरिकेतली आहेत, ईशान्य भागातल्या तिथल्या मूळ जमातींची आणि नंतर आलेल्या युरोपियन वसाहतवाल्यांची सरमिसळ, पंचांगांनी छापून पक्की केलेली. जानेवारी लांडगा, फेब्रुवारी बर्फ, मार्च अळी, एप्रिल गुलाबी, मे फुलं, जून स्ट्रॉबेरी, जुलै नर हरीण, ऑगस्ट स्टर्जन मासा, सप्टेंबर मका, ऑक्टोबर शिकारी, नोव्हेंबर बीव्हर, डिसेंबर थंडी. वाचायचं असं की हे नाव चंद्राचं नसून खाली जमिनीवर त्या वेळी काय चाललंय त्याचं आहे. एप्रिलचा गुलाबी चंद्र गुलाबी नसतो, तेव्हा तिथे फ्लॉक्स नावाची गुलाबी रानफुलं जमिनीभर पसरतात. जुलैत हरणांना नवी शिंगं फुटतात.

स्ट्रॉबेरीवर मला विशेष बोलायचंय कारण मी वाईची. जूनमध्ये तिकडे रानस्ट्रॉबेरी पिकते म्हणून जूनची स्ट्रॉबेरी मून. आमच्याकडे पाचगणी-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी थंडीत सुरू होते आणि उन्हाळ्यात संपते, जूनमध्ये घाटात इतका पाऊस की स्ट्रॉबेरी सोडा, चंद्रच दिसत नाही. त्यामुळे हे नाव इथे नुसतं उच्चारायला छान. आपलं जूनचं नाव वटपौर्णिमा आहे आणि ते वडाखाली उभं राहिल्यावर कळतं.

ऑगस्टचं मात्र मजेशीर जुळतं. तिकडे मोठ्या सरोवरांत स्टर्जन मासा या दिवसांत चांगला सापडायचा म्हणून माशाची पौर्णिमा, आणि इकडे साधारण त्याच सुमाराला कोळीवाड्यात नारळी पौर्णिमा, दर्याला नारळ देऊन होड्या पाण्यात. मधे अर्धी पृथ्वी, पण दोन्हीकडे पौर्णिमेला मासाच आठवला.

या यादीला एकच खरी यादी समजू नका. ओजिब्वे लोकांकडे उन्हाळा सरताना रानतांदूळ गोळा करायचा चंद्र आहे, दुसऱ्या जमातीत त्याच वेळी वेगळंच काही. गावागणिक बदलणारच, आपल्याकडे आश्विन पौर्णिमेला घाटावर कोजागरीचं मसाला दूध आणि कोकणात नवान्न पौर्णिमा, तसंच.

हार्वेस्ट मून तेवढा नियमाने ठरतो. सप्टेंबरच्या विषुवदिनाला जी पौर्णिमा सगळ्यात जवळ ती, मग ती सप्टेंबरात असो वा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. एरवी चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, पण त्या दिवसांत उत्तरेकडच्या देशांत तो लागोपाठ काही दिवस वीस-पंचवीस मिनिटांच्याच फरकाने उगवतो, त्यामुळे शेतकऱ्याला कापणीला संध्याकाळचा उजेड सलग मिळतो. आपण विषुववृत्ताला जवळ असल्यामुळे हा परिणाम इथे कमी जाणवतो. २०२५ मध्ये हार्वेस्ट मून आणि कोजागरी एकच होते, ६ ऑक्टोबरची रात्र.

आपली नावं दोन थरांची आहेत. वरचा थर सणांचा, चैत्रात हनुमान जयंती, कार्तिकात त्रिपुरारी, मार्गशीर्षात दत्तजयंती, पौषात शाकंभरी, फाल्गुनात होळी. खालचा थर आकाशाचा, महिन्याचं नावच मुळी पौर्णिमेचा चंद्र कुठल्या नक्षत्रापाशी असतो त्यावरून. चित्रा वरून चैत्र, विशाखा वरून वैशाख, कृत्तिका वरून कार्तिक, मघा वरून माघ. अमेरिकेच्या नावांसाठी जमिनीकडे बघावं लागतं, आपल्यासाठी चंद्राच्या शेजारी.

हे करून बघण्यासारखं आहे. माघी पौर्णिमेला चंद्राजवळ एक ठळक पांढरा तारा शोधा, ती मघा. चैत्रात तशीच चित्रा. कृत्तिकांचा पुंजका मात्र चंद्राच्या उजेडात बुडतो, दुर्बीण लागते. आणि ३१ मे २०२६ च्या ब्लू मूनला चंद्र ज्येष्ठेच्या तांबड्या ताऱ्याच्या अगदी शेजारी, म्हणजे अधिक ज्येष्ठाची पौर्णिमा ज्येष्ठेपाशी आणि महिन्याने येणारी निज ज्येष्ठाची, वटपौर्णिमेची, तिथून पुढे सरकलेली.

पायरी ६: प्रत्यक्ष बघायचा कधी आणि फोटो कसा

पौर्णिमेचा क्षण दिवसा असेल तर त्याच्या आधीची किंवा नंतरची, जी रात्र जवळ ती घ्या, डोळ्याला फरक कळत नाही. चंद्र सूर्यास्ताच्या आगेमागे उगवतो, तेव्हा सूर्यास्ताआधी दहा मिनिटं पूर्वेला तोंड करून उभे राहा. डोक्यावर आल्यावर बघण्यात मजा नाही. क्षितिजाजवळ तो मोठा वाटतो तो आपल्या मेंदूचा खेळ, हात लांब करून करंगळी धरा, उगवताना आणि मध्यरात्री दोन्ही वेळा करंगळीच्या अर्ध्यातच बसतो.

मोबाईलवर नुसतं क्लिक केलंत तर पांढरा ठिपका येतो, माझ्याकडे असे सत्तर-ऐंशी ठिपके आहेत. चंद्रावर ऊन पडलेलं असतं हे लक्षात घ्या, म्हणून सेटिंग उन्हाचं लागतं, रात्रीचं नाही. स्क्रीनवर चंद्रावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा, डाग दिसेपर्यंत. प्रो मोड असेल तर आयएसओ १०० आणि शटर १/१२५ पासून सुरू करा. नाइट मोड बंद. खरं सांगायचं तर नुसता चंद्र काढूच नका, समोर टाकीवर बसलेला कावळा, देवळाचा कळस, काहीतरी येऊ द्या, नाहीतर सगळे फोटो सारखेच.

ऑगस्टच्या ब्लू मूनसाठी खास बेत करू नका. ढग आहेत. २०२३ ला आम्हाला दिसला तो नशिबाने.

कॅलेंडरवर खूण करून ठेवायच्या तारखा

२० मे २०२७, ऋतूचा. आणि मग ३१ डिसेंबर २०२८, महिन्याचा, डिसेंबरची पहिली पौर्णिमा २ तारखेला सकाळी ७.१० ला आणि दुसरी ३१ ला रात्री १०.१८ ला. आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे, भारतातून दिसणारं, साडेदहाच्या सुमारास चंद्र पूर्ण सावलीत, तांब्याच्या घंगाळासारखा. थर्टीफर्स्टच्या पार्टीत सगळे आत नाचत असताना हे वर चाललेलं असणार.

माझी मावसबहीण सिडनीला आहे, तिला हे सांगितलं तर ती खूश झाली आणि मग मीच हिशोब केला, तिच्याकडे तो क्षण १ जानेवारी २०२९ च्या पहाटे पावणेचारला. म्हणजे तिच्या डिसेंबरात ब्लू मून नाहीच, तिचा जानेवारीत, ३० तारखेला. शिवाय तिकडे डिसेंबरात उन्हाळा, त्यामुळे तो कोल्ड मूनसुद्धा नाही. तिने विचारलं मग मी काय बघू, म्हटलं ग्रहण बघ, ते दोघींना एकाच वेळी दिसेल, तेवढा पहाटेचा गजर लाव.